गॅस कुठं जातो

उरूस उठला की परभणीचं ऊन बदलतं. तुराबुल हकच्या दर्ग्याकडचे पाळणे उतरतात, दुकानं ताडपत्र्या गुंडाळून निघून जातात आणि पंधरा दिवसांच्या आत दुपारी स्टिअरिंगला हात लावावा तर चटका बसतो. तेव्हा कुठं, दिवाळीपासून न दाबलेलं एसीचं बटण आपण दाबतो. ब्लोअर घोंघावतो. हवा येते, पण वसमत रोडवर आहे तीच.

“गॅस उडाला,” शेजारी बसलेला म्हणतो.

या दोन शब्दांपाशी जरा थांबू या. घाई नाही. गाडी लिंबाच्या सावलीत लावा. इंजिन बंद करा, चारही काचा खाली घ्या, मोबाइल मागच्या सीटवर टाका. इंजिन थंड होताना टिक टिक असा आवाज येतो, तो येऊ द्या. तो थांबला की पुढं जाऊ.

उडाला म्हणजे कुठं गेला? पेट्रोल जळतं, टायर झिजतो, ब्रेकचे लायनर झिजतात. गाडीतलं बहुतेक सगळं वापरून संपतं. एसीच्या गॅसचं तसं नाही. तो त्याच त्या नळ्यांतून फिरतो. वायूचा द्रव होतो, द्रवाचा पुन्हा वायू, आणि या सगळ्या फेऱ्यांत एक ग्रॅमही खर्च होत नाही. छोट्या गाडीत तो असतोच मुळी अर्धा किलोच्या आसपास. रबरी पाइपांच्या भिंतीतून वर्षाकाठी थोडा झिरपतो, ते गृहीतच. पण एका हिवाळ्यात पार रिकामं झालं असेल, तर तो एखाद्या ठरावीक जागेतून गेला आहे. गॅस गेला, जागा अजून बॉनेटखालीच आहे.

ही गोष्ट मी सलग तीन उन्हाळे टाळली. आमची गाडी वीस वर्षांची. दर मार्चला एका दुकानात जायचो आणि तिथला मुलगा म्हणायचा, “भरून देतो सर, सीझन निघंल.” पहिल्या वर्षी सीझन निघाला. दुसऱ्या वर्षी दोन महिने. तिसऱ्या वर्षी नऊ दिवस. त्या मुलाला मी बोल लावत नाही. भरायला अर्धा तास लागतो, शोधायला अर्धा दिवस, आणि मला अर्ध्या तासातलंच काम हवं होतं.

आता मनानंच बॉनेट उघडा. आधी कॉम्प्रेसर पाहा, पट्ट्यावर फिरणारा. तो वायू दाबतो, दाबल्यानं वायू तापतो. तिथून कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढ्यात, जाळीला नाक लावून उभा. बाहेरची हवा तिथली उष्णता ओढून नेते आणि वायूचा द्रव होतो. मग ड्रायरची बाटली, तिथं ओल टिपली जाते. मग बारीक पाइपानं आत, डॅशबोर्डमागं. तिथं एक्स्पान्शन व्हॉल्व्हचं चिंचोळं तोंड, आणि त्यापलीकडे एकदम मोकळी जागा, म्हणजे कूलिंग कॉइल. दाब सुटतो आणि द्रव उकळायला लागतो. उकळतो, पण थंडगार! साध्या हवेच्या दाबाला हा १३४ए नावाचा पदार्थ उणे २६ अंशांना उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो आपल्या केबिनमधून घेतो. यालाच आपण गारवा म्हणतो. मग जाड पाइपानं परत कॉम्प्रेसरकडे.

हा फेरा एकदा सावकाश फिरून या. मग उलट बाजूनं फिरा. जिथं जिथं एक तुकडा दुसऱ्याला जोडलाय, तिथं थांबा. प्रत्येक सांध्यात करंगळीतल्या अंगठीएवढी रबरी ओ-रिंग आहे. वीस उन्हाळे तिनं इंजिनाची भट्टी सोसलीय, आणि जिंतूर-गंगाखेडकडचे रस्ते सोसलेत. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचा रस्ताही तिच्याबरोबर हलतो, आणि त्याचा प्रत्येक हिसका अखेर त्या ओ-रिंगपर्यंत पोचतो. कंडेन्सरपाशी आणखी थोडं थांबा. मानवतकडे कापसाच्या दिवसांत गेला असाल तर त्याच्या पात्यांत रुईचे तंतू अडकलेले दिसतील, त्यावर धूळ, त्यावर किडे. हवा कोंडली की आतला दाब चढतो, आणि चढलेला दाब सगळ्यात अशक्त जागा शोधतो.

दिवाळीपासून बटण दाबलं नाही, हेही इथंच आठवा. कॉम्प्रेसरच्या दांड्याला जे सील आहे, ते गॅसबरोबर फिरणाऱ्या तेलानं ओलं राहतं. चार महिने एसी बंद म्हणजे चार महिने सील कोरडं. पेट्रोल वाचवायला आपण हिवाळ्यात एसी लावत नाही, आणि त्याच हिवाळ्यात गॅस जातो. पंधरवड्यातून दहा मिनिटं, थंडी वाजली तरी चालेल, एसी लावायला हवा होता.

आता गेज. निळी नळी कमी दाबाची, लाल जास्त दाबाची. गाडी तासभर बंद आहे, दोन्ही काटे एकाच आकड्यावर आलेत. बाहेर ३० अंश असतील तर साधारण ९७ पाउंड. ४० अंश असतील तर १३० च्या वर. आकडा पाहून बरं वाटतं. पण जरा त्या काट्याकडे बघत राहा. आत द्रवाचा थेंब शिल्लक आहे तोवर हा काटा फक्त तापमान सांगतो. अर्धा किलो असो की शंभर ग्रॅम, आकडा तोच. शेवटचा थेंब उकळून गेल्यावरच तो खाली यायला लागतो. एसीच्या आयुष्यातली इतकी वर्षं काटा जागचा हलत नाही, आणि आपण ‘प्रेशर आहे ना’ म्हणून निघून जातो. मला या काट्यानं फार दिवस फसवलं. खरं तर त्यानं फसवलं नाही. त्याला जे विचारलं नव्हतं ते मी त्याच्याकडून ऐकत होतो.

गळतीचा वास येत नाही, कारण वास नसणं हाच या वायूंच्या घराण्याचा गुण. पूर्वी बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया असे. गळाला की गल्लीला कळे. १९३० मध्ये थॉमस मिजलीनं अमेरिकेत रसायनशास्त्रज्ञांसमोर नवा वायू छातीत ओढून घेतला आणि त्याच श्वासानं मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, वास नाही. तो आर-१२. मग १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हे वायू वर जाऊन ओझोन खातात असं दाखवलं, १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला, आणि गाड्यांत १३४ए आला. तो ओझोनला हात लावत नाही. उष्णता अडवण्यात मात्र कार्बन डायऑक्साइडच्या तेराशेपट. माझे तीन उन्हाळ्यांचे दीड किलो, म्हणजे जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड. हा हिशेब मी एकदाच केला.

वास नाही, रंग नाही, आवाज नाही. मग शोधायचं कसं?

माझं गाव पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. कालवा कुठं पाझरतो हे कालव्यातल्या पाण्याकडे बघून कळत नाही. एप्रिलमध्ये बाजूच्या रानात बघायचं. सगळं पिवळं पडलेलं असताना एका पट्टीत लव्हाळा हिरवा दिसला, की त्याच्या वरच्या अंगाला भोक. बॉनेटखाली तेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं. गॅस निसटतो तेव्हा थोडं तेल बाहेर येतं, गॅस उडून जातो आणि तेलावर आपली परभणीची धूळ बसते. सगळीकडची धूळ कोरडी, तपकिरी. एका सांध्याभोवती मात्र काळपट, ओलसर, बोटाला चिकटणारी. तुमची नजर तशा डागावर नेऊन ठेवा. पुसू नका.

जिंतूर रोडला पत्र्याच्या शेडमध्ये जे उस्ताद मला भेटले, त्यांनी तासभर फक्त बघण्यात घालवला. मग डिटेक्टर काढला, लवचीक नळीच्या टोकाला नाक असलेला. पंखा बंद करवला, शेडचं दार ओढून घेतलं. वाऱ्यात गॅस टिकत नाही. हा वायू हवेच्या साडेतीनपट जड, म्हणून नाक सांध्याच्या खालून फिरवायचं, अगदी जवळून, सेकंदाला एखादा इंच. मी नळी हातात घेतली आणि सरसर फिरवली.

“आहिस्ता, सर,” उस्ताद म्हणाले. “उसको बोलने दो.”

सेकंदाला एक इंच म्हणजे किती, हे आत्ता करून बघा. समोर डॅशबोर्डच्या कडेवर बोट ठेवा आणि डावीकडून उजवीकडे न्या. दर सेकंदाला एक इंच. हात आपोआप पळायला लागतो. त्याला मागं खेचा. अर्ध्यावर कंटाळा येईल, तो येतोच. मला आला तेव्हा बोट कूलिंग कॉइलच्या जागेवर होतं. तिथं सगळ्यांत जास्त भीती असते, कारण ती कॉइल डॅशबोर्डच्या पोटात. ओली धूळ आणि पाला तिथं वर्षानुवर्षं बसतो आणि ॲल्युमिनियमला खातो. ब्लोअर बंद ठेवून पंधरा मिनिटं थांबायचं, म्हणजे गॅस तळाशी साचतो. मग नाक डाव्या सीटच्या बाजूनं खाली, जिथून एसीचं पाणी ठिपकतं त्या नळीपाशी. आम्ही थांबलो. डिटेक्टर बोलला नाही.

तो बोलला कंडेन्सरच्या वरच्या सांध्यापाशी, काळपट डागाच्या खाली.

उस्तादांनी वाटीत भांड्याच्या साबणाचं दाट पाणी केलं आणि दाढीच्या ब्रशनं सांध्यावर चढवलं. काही झालं नाही. मी मान वर केली, त्यांनी खूण करून पुन्हा खाली करवली. मिनिट गेलं असेल. नटाच्या कडेला एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. तो फुटला नाही. त्याच्याशेजारी दुसरा, मग तिसरा, आणि हळूहळू तिथं पांढऱ्या फेसाचा एक घट्ट, बारीक पुंजका जमला. तीन वर्षं मी जे भरत होतो, ते याच वाटेनं, याच चालीनं जात होतं. आम्ही दोघंही काही न बोलता ते बघत होतो.

राहिलेला गॅस त्यांनी सिलिंडरमध्ये ओढून घेतला, नट उघडला. आतली ओ-रिंग काळी, चपटी, नखानं दाबली तर तडकणारी. नवी हिरवी, तिला कॉम्प्रेसरच्या तेलाचं बोट लावून बसवली. नायट्रोजन भरून दाब दिला. सोबत पुन्हा साबण. (कुणी ऑक्सिजन किंवा टायरवाल्याची हवा मारतो म्हणाला तर गाडी घेऊन निघा, दाबाखाली तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.) नुसत्या व्हॅक्यूमवर उस्तादांचा भरवसा नव्हता. व्हॅक्यूम सांध्याला आत ओढतो, गॅस बाहेर ढकलतो. आत ओढल्यावर बंद होणारं भोक बाहेर ढकलल्यावर उघडू शकतं.

तरी व्हॅक्यूम लागतोच, आतली ओल उकळून काढायला. पंप पाऊण तास चालला. निळ्या गेजचा काटा शून्याच्या खाली, २८ इंचांपाशी गेला. उस्तादांनी दोन्ही चाव्या बंद केल्या, पंप बंद केला, चहा सांगितला.

शेडमध्ये एकदम शांतता झाली. गॅस भरायचा तो अर्ध्या तासानं, काटा हलला नाही तर.

काट्याकडे बघत बसा. चहा येईल.