राखून ठेवलेली जागा

सहकाऱ्यावर आपत्ती कोसळली असता त्याची जागा राखून ठेवणे ही दया, की न्याय? इंग्लंडमधील शेफील्डच्या ‘डेफ लेपर्ड’ या हेवी मेटल वाद्यवृंदाचे ड्रमवादक रिक ॲलन यांचे उदाहरण आम्हांस या प्रश्नी उद्बोधक वाटते. ३१ डिसेंबर १९८४ रोजी मोटार अपघातात त्यांचा डावा हात गेला. वय अवघे २१ वर्षांचे. ज्या वाद्याला दोन्ही हात आणि दोन्ही पाय लागतात, तेथे कारकीर्द संपल्यातच जमा होती. तरीही सहकाऱ्यांनी त्यांच्या जागी दुसरा वादक नेमला नाही. ॲलन यांनी इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच करवून घेतला आणि डाव्या हाताचे आघात डाव्या पायाने, पेडलवर, देण्याचा सराव केला. ऑगस्ट १९८६ मध्ये डॉनिंग्टनच्या महोत्सवात ते पुन्हा वाजवू लागले. २०१९ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने वृंदाचा गौरव केला, तेव्हाही त्या स्थानी तेच होते.

निव्वळ दयेने उणे वादनही खपवून घेतले असते, आणि त्यात वादकाचाच अवमान झाला असता. येथे सवलत मिळाली ती वेळेची, तालाची नव्हे. न्याय तो हाच, असे आम्ही मानतो. मात्र आपल्या घरांत आणि संस्थांत आजारी माणसाची जागा आपण किती तत्परतेने भरून टाकतो!