थंड चंद्रावरची अणुक्रिया

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या यूटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी जाहीर केलं, की जड पाण्यात बुडवलेल्या पॅलेडियममध्ये खोलीच्या साध्या तापमानाला ड्युटेरियमचं, म्हणजे जड हायड्रोजनचं, संमीलन होतं. यालाच ‘कोल्ड फ्यूजन’ म्हटलं गेलं. जगभरच्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, पी. के. अय्यंगार संचालक असताना, अनेक गटांनी पॅलेडियम आणि टायटॅनियम घेऊन प्रयोग केले. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मिळाल्याच्या नोंदीही केल्या. पण प्रयोग हुकमी होईना. एकाला दिसलेलं दुसऱ्याला दिसेना. बहुतेकांनी विषय सोडला. उरलेल्यांनी त्याला वेगळं नाव दिलं, कमी ऊर्जेच्या अणुकेंद्रीय अभिक्रिया.

हा विचार चंद्राकडे वळणं साहजिक आहे. धातूत हायड्रोजन ठासून भरला की भोवतालचे इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांमधलं अपकर्षण काहीसं झाकतात. हे खरं आहे, त्वरकांवरच्या प्रयोगांत ते मोजलेलं आहे. चंद्राला ना दाट वातावरण, ना पृथ्वीसारखं चुंबकीय कवच. सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने येणारे सौरवाऱ्याचे प्रोटॉन अब्जावधी वर्षं थेट त्याच्या मातीत रुतत आले आहेत. शांतिसागराच्या मातीत इल्मेनाइट भरपूर आहे. टायटॅनियमचं हेच खनिज रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडतं. शिवाय त्या प्रोटॉनची ऊर्जा साधारण एक हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सूर्याच्या गाभ्यातल्या कणांच्या जवळपास. एवढी तयारी निसर्गानेच करून ठेवली असेल, तर तिथे काहीच घडत नसेल का? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये असं मला वाटतं, कारण तो तपासता येतो.

तपासला की तो लंगडा पडतो. दीड कोटी अंशांच्या गाभ्यात प्रोटॉन अखंड धडकत असतात, तरी एकेकाला संमीलनासाठी सरासरी अब्जावधी वर्षं लागतात. चंद्रावर आदळलेला प्रोटॉन मिलिमीटरच्या एक-दोन लाखांश भागाइतका आत शिरतो आणि निमिषात सगळी ऊर्जा गमावतो. त्याहून मोठी अडचण इंधनाची. सूर्याने आपलं ड्युटेरियम बालपणीच जाळून त्याचं हेलियम-३ केलं. सौरवाऱ्यात ते जवळजवळ नाहीच, आणि अपोलो ११ने आणलेल्या मातीतल्या हायड्रोजनमध्येही ते पृथ्वीवरच्या पाण्याच्या मानाने फारच कमी निघालं.

मातीत हेलियम-३ मात्र आहे. ते तिथेच तयार झालं असेल का? जुलै १९६९मध्ये अपोलो ११मधल्या बझ ऑल्ड्रिनने चंद्रावर एका काठीला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा टांगला होता. बर्न विद्यापीठातल्या योहानेस गाइस यांच्या गटाचा तो प्रयोग. ७७ मिनिटं उन्हात ठेवून पत्रा गुंडाळला आणि पृथ्वीवर परत आणला. त्यात हेलियम सापडलं, हेलियम-३सुद्धा. पत्रा नवा होता, मातीशी त्याचा संबंध नव्हता. म्हणजे हा वायू सूर्याकडूनच तयार होऊन येतो.

चंद्रावर कमी ऊर्जेची एक अणुक्रिया मात्र निःसंशय होते, आणि तिची गोष्ट फार कमी सांगितली जाते याचं मला वाईट वाटतं. विश्वकिरण जमिनीवर आदळले की न्यूट्रॉन उडतात, मातीत ठेचकाळत मंद होतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसल्यामुळे त्याला अपकर्षणाची भिंत ओलांडावी लागत नाही. गॅडोलिनियम-१५७ची अणुकेंद्रं हे मंदावलेले न्यूट्रॉन गिळतात आणि त्या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं प्रमाण बदलतं. अपोलोच्या मातीत हा बदल मोजला गेला. डिसेंबर १९७२मध्ये अपोलो १७च्या अंतराळवीरांनी ड्रिलने पाडलेल्या भोकात दोन मीटरची एक कांडी सोडली. तिच्यात बोरॉन-१० आणि युरेनियम-२३५ होतं. जवळच्या प्लुटोनियमच्या वीजजनित्रातून निघणारे न्यूट्रॉन मोजमापात मिसळू नयेत, म्हणून भोकाची जागाही विचार करून निवडली होती. कांडी परत आणून, प्लास्टिक आणि अभ्रकावर उमटलेले ओरखडे मोजून, कोणत्या खोलीवर किती न्यूट्रॉन पकडले जातात ते ठरवलं गेलं.

पृथ्वीवरचा दावा अजून उभा राहिलेला नाही. गूगलच्या पैशावर चाललेल्या काही वर्षांच्या शोधानंतर २०१९मध्ये ‘नेचर’मध्ये अहवाल आला, त्यातही कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नव्हता. चंद्राच्या मातीतून तो काढायचा असेल, तर इल्मेनाइटच्या कणाच्या अगदी वरच्या सालीत शोधावं लागेल. गाइस यांच्या पत्र्याने दाखवलेलं सूर्याचं हेलियम आणि त्या कांडीने मोजलेले न्यूट्रॉन वजा करून जे उरेल, तेवढ्यावरच दावा सांगता येईल.