दाब कमी, सूर स्वच्छ

गिटार शिकायला आलेलं मूल पहिल्या महिन्यातच विचारतं, ‘सर, स्पीड कधी येणार?’ प्रश्न स्वाभाविक आहे. मोबाइलवर त्याने एखाद्या वादकाची बोटं फ्रेटबोर्डवर सरसर धावताना पाहिलेली असतात आणि त्याला तेच हवं असतं. पुष्कळदा शिक्षकही मग त्याच घाईला लागतात. आज मेट्रोनोम साठवर लावला, उद्या सत्तर, परवा ऐंशी. मला हे पटत नाही. वेग म्हणून वेगळं काही बोटांना शिकवता येत नाही. फाजील हालचाल आणि फाजील जोर टाकून द्यायला त्यांना शिकवावं लागतं. तेवढं जमलं की वेग आपसूक मागून येतो.

नव्या विद्यार्थ्याकडून मी एक गोष्ट आवर्जून करून घेतो. तिसऱ्या तारेवर, पाचव्या फ्रेटला, तर्जनी नुसती टेकवायची. दाबायची नाही. उजव्या हाताने तार छेडली की ‘टक्’ असा मुका आवाज येतो. आता दाब अगदी किंचित वाढवून पुन्हा छेडायची. तार खरखरते. आणखी किंचित. असं करता करता एका क्षणी सूर स्वच्छ वाजतो. तिथेच थांबायचं, त्यापुढे जायचं नाही. मुलं चकित होतात, कारण इतक्या थोड्या दाबाने काम होतं यावर त्यांचा विश्वासच बसत नाही. बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला जवळजवळ लागून, तिच्या अलीकडे ठेवलं तर त्याहूनही कमी दाब पुरतो. दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवलं की जोर लावावा लागतो, अंगठा मागून नेक आवळायला लागतो, मनगट ताठतं, आणि बघता बघता ताण खांद्यापर्यंत चढतो. (गिटारच्या तारा फ्रेटबोर्डपासून फार उंच असतील तर मात्र मुलाला बोल लावू नये. स्वस्तातल्या नव्या गिटारला हा दोष बऱ्याचदा असतो. आधी दुकानात नेऊन सेटिंग करून घ्यावं.)

डाव्या हाताचा ठरलेला व्यायाम म्हणजे वन-टू-थ्री-फोर. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी, एकेका फ्रेटला एकेक बोट, सहाव्या तारेपासून पहिलीपर्यंत आणि तिथून परत. हा व्यायाम चालू असताना आपण वाजणाऱ्या बोटाकडे बघतो. खरं तर नजर हवी ती न वाजणाऱ्या बोटांवर. तर्जनी वाजत असते आणि करंगळी तिकडे ताठ उभी असते, किंवा पार नेकच्या खाली जाऊन दडलेली असते. तिची पाळी आली की तिला तेवढं अंतर कापून परत यावं लागतं. लय अडखळते ती इथे. चारही बोटं तारेच्या वर, जेमतेम एका बोटाच्या जाडीइतक्या उंचीवर थांबली पाहिजेत. एवढ्या एका सवयीवर आठवडेच्या आठवडे घालवले तरी ते वाया जात नाहीत.

बोटांच्या या भटकण्यात मुलाचा आळस नसतो. आत्ताच करून बघा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडून घ्या आणि आता अनामिका वर उचला. उचलली जात नाही. बोटं वाकवणारे आणि उचलणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपरापुढच्या हातात असतात. तिथून कंडरा बोटांपर्यंत येतात आणि हाताच्या पाठीवर अनामिकेची कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी जोडलेली असते. ज्या बोटाला निसर्गानेच शेजाऱ्यांशी बांधून ठेवलंय, त्याच्यावर ओरडून काय मिळणार? तिसऱ्या-चौथ्या बोटांची जोडी घेऊन, सावकाश, हलक्या दाबाने त्यांना एकमेकांची सवय करून द्यावी. बोटांची ताकद वाढवणारी स्प्रिंगची खेळणी बाजारात मिळतात. त्यांच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. रॉबर्ट शुमानला पियानोवादक व्हायचं होतं. विशीतच त्याचा उजवा हात निकामी झाला आणि ते स्वप्न तिथेच संपलं. त्यात बोट ताणण्याच्या एका यंत्राचा हात होता असं सांगितलं जातं. अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत, पण शिकवणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी.

आणि ताकदीचंच म्हणाल तर गिटारवादक जँगो राइनहार्ट आठवावा. 1928 साली त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी जायबंदी झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने आपली एकल वादनं उभी केली, भाजलेली दोन बोटं कॉर्ड धरताना जमेल तशी कामाला लावली. 1934 मध्ये पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर त्याचा जो वाद्यमेळ उभा राहिला, त्याची ध्वनिमुद्रणं आजही ऐकायला मिळतात. ती मुलांना जरूर ऐकवावीत, पण डोळे दिपवण्यासाठी नव्हे. दोनच बोटं हाताशी असलेला माणूस एकही हालचाल वाया घालवू शकत नाही, हे ऐकताना कळतं.

उजव्या हाताकडे आपल्या क्लासमध्ये फार दुर्लक्ष होतं. गिटारवादक माउरो जुलियानीने 1812 साली व्हिएन्नात उजव्या हाताचे 120 व्यायाम छापले, ते सगळे सी आणि जी सेव्हन या दोन सोप्या कॉर्डवर. डाव्या हाताला जवळजवळ काम नाही, त्यामुळे सगळं लक्ष छेडणाऱ्या बोटांवर राहतं. एका वेळी एकाच हाताची अडचण सोडवायची, ही दृष्टी मला फार मोलाची वाटते. पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या पत्तीने, वाजवणाऱ्यांनाही तेच लागू आहे. डावा हात बाजूला ठेवून, मोकळ्या तारेवर खाली-वर, खाली-वर. सतार शिकलेल्यांना दा-राचं हे काम चांगलंच परिचयाचं असतं. पिक चिमटीत धरावं ते रांगोळी सोडतो तितक्या हलक्या हाताने, टोक थोडंसंच बाहेर ठेवून. नखं पांढरी पडली असतील तर पकड घट्ट झाली म्हणून समजावं. खरी परीक्षा तार बदलताना असते. एका तारेवर तीन सूर खाली-वर-खाली असे वाजले, की पुढच्या तारेवरचा पहिला आघात वर जाणारा हवा. तिथे हमखास मूल पुन्हा खाली मारतं. अशा वेळी पूर्ण ओळ परत वाजवायला लावू नये. तो एक सांधा तेवढा सुटा काढून घोटून घ्यावा.

लयीचं म्हणाल तर तबल्याच्या शिक्षकांची रीत मला जास्त भावते. मेट्रोनोम साठवरच राहू द्या. आधी एका ठोक्याला एक सूर, मग त्याच ठोक्यात दुगुन, म्हणजे दोन सूर, आणि हात सैल राहत असेल तरच चौगुन, म्हणजे चार. हात आवळला की मुकाट्याने ठाय लयीत, म्हणजे एका ठोक्याला एका सुरावर, परत यायचं. बोटांची टोकं सुरुवातीचे काही आठवडे दुखणारच, त्याला इलाज नाही. मनगट किंवा कोपरापुढचा हात दुखू लागला तर मात्र गिटार त्या दिवसापुरती खाली ठेवायची. ‘सहन कर, सवय होईल’ असं शिक्षकाने कधीही म्हणू नये.

आणि पालकांना एक कळकळीची विनंती. घरात कुणी गिटार शिकत असेल तर पाहुणे आले की ‘ते गाणं वाजवून दाखव ना’ हा आग्रह निदान पहिले सहा महिने करू नका. रोज वीस मिनिटं त्याला दार लोटून निवांत बसू द्या. तेच ते चार सूर ऐकून तुमचे कान किटले तरी ‘आता पुढचं घे की’ असं म्हणू नका.