तुळशीच्या मुळाशी काय घालावे?



गळ्यात माळ आली की ताटातले मासे-मांस सुटते. हे कोणा माळकऱ्याला सांगावे लागत नाही. पण अंगणातल्या कुंडीचे काय? हल्ली रोपवाटिकेत गेले की विक्रेता एक बाटली पुढे करतो. "सेंद्रिय आहे, तुळस जोमाने वाढेल," म्हणतो. बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते : माशांचा अर्क आणि समुद्रशेवाळ. ते वाचून हात थबकतो. जिची मंजिरी विठुरायाला वाहायची, तिच्या मुळाशी माशाचे पाणी घालावे का? प्रश्न कुंडीएवढाच दिसतो, पण तो माळेच्या अर्थापर्यंत जातो. म्हणून त्याचा नीट विचार करू.

आधी वस्तू समजून घेऊ. मासे साफ केल्यावर डोकी, आतडी, खवले उरतात. ते तेवढ्याच वजनाच्या गुळात घालून, भांड्याच्या तोंडाला फडके बांधून काही आठवडे कुजवतात आणि गाळून घेतात. हा अर्क लिटरभर पाण्यात दोन-तीन मिलिलिटर इतकाच घालायचा. त्यात नत्र भरपूर, त्यामुळे पाला हिरवागार होतो. कोकणात नारळाच्या आळ्यात मासळीचे खत घालण्याची रीत जुनीच आहे. बाटली नवी, वस्तू नवी नाही. समुद्रशेवाळाचा अर्क वेगळा. त्यात नत्र थोडे. पालाश, सूक्ष्म द्रव्ये आणि मुळांच्या वाढीला मदत करणारे घटक असतात.

आता पहिली शंका. माशाचे पाणी घातले म्हणून तुळस ओवळी होते का? झाडाचे मूळ मासा खात नाही. मातीतले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या अर्काचे विघटन करतात, त्यातले नत्र क्षाररूप होऊन पाण्यात विरघळते, आणि तेवढेच मूळ शोषते. शेणातले नत्रही असेच येते, गळलेल्या पानातलेही. आणि माती म्हणजे तरी काय? किडे, मुंग्या, गांडुळे, पाखरे, जे जे मेले ते तिने पोटात घेतले आणि त्याचे पुन्हा पान-फूल केले. गुलाबाला आपण हाडांचा चुरा घालतो आणि तेच फूल देवाला वाहतो, तेव्हा शंका येत नाही. कारण हाड दिसत नाही, मासा मात्र वासाने कळतो. नाकाला जे खटकते त्यालाच अधर्म म्हणायचे असेल, तर तो विचार नाकाचा झाला, विवेकाचा नव्हे.

पण म्हणून प्रश्न संपला असे समजू नका. खरा प्रश्न पुढेच आहे. मासा मुळाला लागला की नाही, हे विचारू नका. माझ्यासाठी जीव गेला का, हे विचारा. बाजारातली डोकी-खवले मागे उरतात, तेव्हा तो मासा खतासाठी मारलेला नसतो. कुजून दुर्गंधी करण्यापेक्षा ते मातीत गेले तर मातीचे भलेच होते. मात्र सगळा अर्क अशा उरलेल्या भागाचाच असतो असे नाही. जाळ्यात येणारी बारीक, खायला न चालणारी मासळी वाळवून तिची भुकटी होते, ती खतालाही जाते. बाटलीत यांपैकी काय आहे, ते आपल्याला दिसत नाही. शिवाय टाकाऊ वस्तूला दाम मिळू लागला की ती टाकाऊ राहत नाही; तिचीही मागणी होते. माळ आपल्याला एवढेच सांगते : आपल्या मागणीने कोणाचा जीव जाऊ नये.

मग तुळशीला याची गरज आहे का? नाही. ती मुळात थोडक्यात भागवणारी आहे. वर्षातून दोन-तीनदा मूठभर कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, माती मोकळी करणे, ऊन आणि बेताचे पाणी, एवढ्यावर ती वाढते. फार वाटलेच तर समुद्रशेवाळाचा अर्क घ्या. बाटलीवर त्यात मासा मिसळलेला नाही एवढे पाहून घ्या. पण शेवाळही कष्टाशिवाय येत नाही. तमिळनाडूत रामेश्वरमच्या आसपास बायका समुद्रात बुडी मारून ते गोळा करतात, कोणी बांबूच्या तराफ्यांवर त्याची शेती करतात. म्हणून तेही मोजकेच वापरा, वाया घालवू नका. माशाचा अर्क मी तुळशीला नको म्हणतो, तो ओवळा आहे म्हणून नव्हे. त्यावाचून भागते, आणि ज्यावाचून भागते ते जीवाच्या मोलाने कशाला घ्यायचे?

आता शेवटची गोष्ट, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. शेजारणीने आपल्या वांगी-मिरचीला माशाचे खत घातले, तर तिच्या घरची भाजी नाकारू नका. तिच्या परसात टाकाऊचे सोने होत असेल. सावतोबांनी अरणच्या मळ्यात भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. त्या मळ्याच्या मातीत काय काय मिसळले होते, याची झडती देवाने घेतली नाही. सजन कसायाच्या कामाला देव स्वतः हात लावतो, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. रायगडकडच्या आगरी-कोळी वस्त्यांतून दिंड्या निघतात. ज्यांच्या गावाचे पोटच समुद्रावर भरते, तिथेही माळ घालणारे आहेत. त्यांच्या माळेचे मोल करणारे आपण कोण?

माळ ही आपल्या ताटाला आणि हाताला घातलेली मर्यादा आहे. दुसऱ्याला मोजायची ती पट्टी नव्हे. कुंडीत काय घालायचे ते स्वतःसाठी कठोरपणे ठरवा, दुसऱ्यासाठी मवाळपणे. येत्या एकादशीला मंजिरी खुडताना तेवढे मनाशी धरा.

रामकृष्ण हरी.