सिलिकॉनमधली कामाची खोट

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कणकवली तालुक्यातलं कासार्डे सिलिका वाळूसाठी ओळखलं जातं. इथली वाळू काचेच्या कारखान्यांना आणि फाउंड्र्यांना जाते, आणि काचेसाठी तिच्यात लोह जितकं कमी तितकं बरं. चिपसाठी लागणारं सिलिकॉन गारगोटीपासून काढतात. तिथे शुद्धतेची अट ९९.९९९९९९९ टक्क्यांपर्यंत जाते. यावरून मळ जितका कमी तितका पदार्थ गुणी, असं आपण धरून चालतो. प्रकाशाच्या बाबतीत मात्र हा हिशेब चुकतो, कारण शुद्ध, सुबक सिलिकॉन जवळपास उजळतच नाही.

याचं कारण त्याच्या रचनेतच आहे. वरच्या पातळीवरचा इलेक्ट्रॉन खालच्या रिकाम्या जागेत उतरला की प्रकाश निघतो, पण सिलिकॉनमध्ये या दोघांचा संवेग जुळत नाही. फोटॉनचा, म्हणजे प्रकाशकणाचा, संवेग नगण्य, त्यामुळे तो ही तफावत भरून काढू शकत नाही. स्फटिकाच्या कंपनाची मदत लागते. ती जुळून येईपर्यंत ऊर्जा बहुतेक वेळा उष्णता होऊन जाते. आता याच स्फटिकाच्या जाळीत कार्बनचे दोन अणू आणि जागेवरून ढळलेला सिलिकॉनचा एक अणू एकत्र आले, तर इलेक्ट्रॉन त्या इवल्याशा जागेत अडकतो. जागा जितकी नेमकी तितका संवेग पसरट, हा क्वांटम नियम इथे कामी येतो आणि संवेगाची अट सैल होते. अशा दोषाला ‘जी-केंद्र’ म्हणतात; त्यातून सुमारे १२८० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश निघतो. डोळ्यांना तो दिसत नाही, पण ऑप्टिकल फायबरमधून उत्तम जातो.

मग मुद्दाम भेसळच करावी का? मुळीच नाही. लोहासारखे बहुतेक दोष इलेक्ट्रॉनला गिळून फक्त उष्णता देतात. म्हणूनच निवडक खोट उपयोगी पडायला भोवतालचा स्फटिक आधी निर्मळ हवा. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फायबरसाठी इंडियम फॉस्फाइडचे लेसर उत्तम चालत असताना, कडाक्याच्या थंडीतच नीट उजळणारी ही केंद्रं कशाला? नेहमीच्या संदेशवहनासाठी हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. क्वांटम यंत्रांची गरज निराळी असते. तिथे लख्ख उजेड नको, एका वेळी एकच फोटॉन हवा, आणि तोही जिच्यावर मंडल कोरायचं त्याच सिलिकॉनच्या चकतीतून. २०२०मध्ये संशोधकांनी सिलिकॉनमधलं एकेकटं प्रकाशकेंद्र वेगळं ओळखून नेमकं हेच दाखवलं. खरं अवघड काम पुढचं आहे: हे दोष आयनांच्या माऱ्याने घडवतात, आणि सरसकट माऱ्यात ते कुठेही उमटतात; ते हव्या त्याच जागी उमटवायला हवेत.