धारचा किल्ला आणि भीष्मांची दोन उत्तरे

युद्धारंभी वंदनास आलेल्या युधिष्ठिराला भीष्म सांगतात की कौरवांच्या अर्थाने आपण बांधले गेलो आहोत, आणि त्या बंधनापायी ते अधर्माच्या पक्षाने लढतात. शरशय्येवरून मात्र तेच भीष्म शांतिपर्वात उपदेश करतात की प्रजेचे रक्षण न करणारा राजा फुटक्या नावेप्रमाणे टाकून द्यावा. खाल्ल्या मिठाला जागणे हा धर्म, की रक्षणाचा करार मोडणाऱ्या धन्याची ताबेदारी झुगारणे हा धर्म, हा प्रश्न माळव्याच्या मराठी संस्थानांना दोनदा पडला.

धार आणि देवासचे पवार पेशव्यांच्या फौजांबरोबर माळव्यात आले आणि मोकासे-जहागिऱ्या संपादून तेथे स्थिरावले. त्यांची कुलकथा मात्र त्यांना भोजराजाच्या परमारांशी जोडते, म्हणजे जगाच्या दृष्टीने ते परमुलखात वसलेले आणि स्वतःच्या दृष्टीने पूर्वजांच्या भूमीत परतलेले. त्यांतील उदाजी पवार 1731 साली डभईच्या रणात सेनापती दाभाड्यांच्या बाजूने पेशवे बाजीरावाविरुद्ध उभे राहिले आणि कैद झाले. हे केवळ सरदारी ईर्ष्येचे प्रकरण होते असे मला वाटत नाही. ज्याने दूरच्या मुलखात आपल्या तलवारीने अंमल बसवला, त्याला केंद्राचे हुकूम हळूहळू परके वाटू लागतात. अमेरिकेतील इंग्रज वसाहतवाल्यांनी 1776 साली आपल्याच राजावर हाच आरोप ठेवला, की आम्हांला संरक्षणाबाहेर टाकून व आमच्यावर युद्ध लादून त्यानेच आपले राज्य सोडले आहे. शांतिपर्वातील भीष्मांना हा युक्तिवाद अपरिचित वाटला नसता.

दुसरा प्रसंग अधिक दारुण आहे. 1819 च्या तहनाम्याने धार संस्थान इंग्रजांच्या संरक्षणाखाली आले. परंतु 1857 साली यशवंतराव पवार निवर्तले, अल्पवयीन आनंदराव गादीवर आले, आणि दरबारने चाकरीस ठेवलेली अरब, मकराणी व विलायती (म्हणजे अफगाण) शिबंदी उठून किल्ल्यावर ताबा करून बसली. ऑक्टोबरच्या अखेरीस इंग्रजी तोफांनी तट फोडला, तेव्हा ती शिबंदी रात्री निसटून गेली होती. दरबारची फूस होती की केवळ अगतिकता, यावर त्या काळीही एकमत नव्हते. तरीही संस्थान खालसा झाले, आणि 1860 मध्ये परत मिळाले तेव्हा बैरसिया परगणा भोपाळकडे गेला होता. संरक्षणाचे वचन देणाऱ्याने अज्ञान मुलाला दंड करावा, यात कराराचा भंग नेमका कोणी केला? माझ्या मते येथे शरशय्येवरील भीष्मच ग्राह्य मानले पाहिजेत, कारण निष्ठा ही रक्षणाच्या बदल्यात दिलेली वस्तू आहे, जन्मभराचे दास्य नव्हे.

पण हाच निकष पवारांनाही आणि त्यांच्या शेजारच्या राजांनाही लागू होतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेजारच्या अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि 1858 च्या फेब्रुवारीत इंदूरला ते फासावर गेले. त्याच डोंगरपट्ट्यात मराठे, राजपूत आणि इंग्रज यांच्याही आधीपासून भिल्ल राहत होते. त्यांच्या रानांवर, वाटांवर आणि पिकांवर ज्या सत्तांनी हक्क सांगितला, त्यांनी रक्षणाचा कोणता करार त्यांच्याशी केला होता? 1819 चा तहनामा इंग्रजांची कंपनी आणि धारचा राजा यांच्यामधला होता. भिल्लांच्या संमतीला त्यात जागा नव्हती.