मोजणाराचा हात

सरकारला माहिती नसते, म्हणून ते अभ्यासकांना विचारतं. अभ्यासक पाहणी करतात, अहवाल देतात, अहवालावरून कायदा होतो. पुस्तकात असंच लिहिलंय. आपल्या वस्तीत उलटं घडलं. इथं सरकारला पहिल्यापासून माहीत आहे, तरी ते विचारतंच राहिलं.

1949 साली मुंबई सरकारनं सफाई कामगारांची हालत बघायला बर्वे समिती नेमली. 1952 ला अहवाल आला. 1955 ला केंद्राच्या गृहखात्यानं त्यातल्या शिफारशी राज्याराज्यांना धाडल्या. 1957 ला पुन्हा मलकानी समिती, 1960 ला तिचा अहवाल. आणि मैला वाहायला लावणं गुन्हा ठरवणारा केंद्राचा कायदा आला 1993 ला. बर्वे अहवालापासून 41 वर्षं. तेवढ्यात आजीच्या हातातली टोपली नातीच्या हातात आली.

समित्यांतली माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. सवाल वेगळा आहे. जे माहीत आहे तेच पुन्हा विचारणं, याला काय म्हणायचं? माझ्या लेखी तो नकार आहे, फक्त तोंडावर न दिलेला. 'करत नाही' असं म्हणायला छाती लागते. 'अभ्यास चालू आहे' म्हणायला एक फाईल पुरते.

आता मोजणीचं बघा. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 7 लाख 94 हजार असे संडास निघाले, जिथला मैला माणूस उचलतो. ही सरकारचीच मोजणी. मग 2013 ला नवा कायदा झाला, त्याखाली मैला उचलणारी माणसं शोधायच्या पाहण्या झाल्या, 2013 ला आणि 2018 ला. दोन्ही मिळून देशभरात माणसं सापडली 58,098. संडास लाखांनी आणि हात हजारांनी! बाकीचा मैला काय आपल्या पायानं चालत गेला?

आकडा असा आटतो त्याला कारण आहे. 2018 च्या पाहणीत माणसानं शिबिरात येऊन आपलं नाव नोंदवायचं होतं. म्हणजे ज्या नगरपालिकेनं वा मुकादमानं बेकायदा काम लावलं, त्यांच्याच गावात चारचौघांत उभं राहून सांगायचं, मी हे करतो. उद्याची भाकर कोण घालवील? आणि सांगितलं तरी अधिकाऱ्यानं मान्य केलं पाहिजे. त्यानं मान्य केलं तर त्याच्या हद्दीत गुन्हा घडतोय असं त्यालाच लिहून द्यावं लागतं. असा चोराच्या हाती दिलेला पंचनामा.

त्यावर व्याख्या. कायद्यात मैला उचलणारा वेगळा आणि गटारात उतरणारा वेगळा. म्हणून 2021 साली राज्यसभेत उत्तर मिळालं की हातानं मैला उचलताना कुणी मेल्याची नोंद नाही. गटार आणि सेप्टिक टँक साफ करताना मात्र 941 मेले. गॅसनं गुदमरून मेलेला माणूस कुठल्या रकान्यात बसतो, ह्याचाच वाद. मढं घरी येतं तेव्हा बायको रकाना विचारत नाही.

मोजणी आपल्या माणसांनी हातात घेतली तेव्हा काय झालं तेही सांगितलं पाहिजे. 2003 साली सफाई कर्मचारी आंदोलन सुप्रीम कोर्टात गेलं. राज्यं सांगत होती, आमच्याकडं ही प्रथा नाहीच. आंदोलनानं पुरावे पुढं टाकले. 27 मार्च 2014 ला निकाल लागला: 1993 पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी 10 लाख द्या. 2023 ला कोर्टानं ती रक्कम 30 लाख केली. रक्कम कागदावर मिळणं आणि हातात पडणं यात अजून कचेरीचे हेलपाटे आहेत, ते असो.

हे पुरावे गोळा करणारे कुणी डॉक्टरेट झालेले नव्हते. पण कुठली गल्ली, कुठला संडास, कोण उतरतं, किती वाजता, हे वस्तीला तोंडपाठ असतं. एवढं जाणणाऱ्या माणसाला पाहणीच्या कागदात म्हणतात 'माहिती देणारा'. आणि दोन दिवस नाकाला रुमाल लावून फिरतो तो 'तज्ज्ञ'. एकाला मानधन, दुसऱ्याला चहा. माझं म्हणणं एवढंच नाही की दुसऱ्यालाही मानधन द्या. प्रश्नपत्रिका लिहिताना तो टेबलापाशी हवा. व्याख्या ठरवताना हवा. अहवाल छापायच्या आधी त्याला वाचून दाखवला पाहिजे, आणि 'हे खोटं आहे' असं तो म्हणाला तर तेही छापलं पाहिजे.

2025 साली केंद्रानं ठरवलं की येत्या जनगणनेत जात मोजायची. ठीक. जात लिहून घेणारा दारात येईल तेव्हा त्याला विचारा, काम कुठल्या रकान्यात लिहिणार, आणि तो रकाना कुणी आखला.